आधी पोट, शेवटी शिंगं

आमच्या घोडनदीच्या काठाला माती तीन जातींची. शिवारात काळी, ओढ्याच्या वळणाला पिवळसर चिकण, आणि पूर ओसरला की काठावर सायीसारखा थर धरतो तो पोयटा. शेतकऱ्याचा जीव काळ्या मातीत. बाकीच्या दोन मातींची खरी पारख गावात दोघांनाच होती, घरोघरच्या बायांना आणि कुंभाराला. बाया त्या मातीच्या चुली घालायच्या, कणग्या लिंपायच्या, नागपंचमीला पाटावर नागोबा करायच्या. कुंभार गाडगी-मडकी करायचा, संक्रांतीला सुगडं द्यायचा, दिवाळीला पणत्या द्यायचा आणि पोळ्याला घरोघर मातीच्या बैलांची जोडी पोचवायचा. आमच्या भागात काही गावं श्रावणी पोळा करतात, काही भाद्रपदी. मातीची जोडी मात्र दोन्हीकडं लागते.

माझं शिक्षण दहावी. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली १९७५ साली, तिच्यात दोन वर्षांनी मी बसलो. तोवर इतिहासाच्या पुस्तकांत राजे वाचले, लढाया वाचल्या, तह वाचले. देवळांची नि लेण्यांची नावं पाठ केली. पण मातीची मूर्ती करायला माणूस कुठं शिकला, कुणी शिकवलं, याची एक ओळ नव्हती. त्याचं कारण उघड आहे. दगड राहतो, तांबं राहतं, भाजलेलं मडकं फुटलं तरी खापर राहतं. कच्च्या मातीची मूर्ती एका पावसात विरघळते आणि तिच्याबरोबर करणाऱ्याचं नावही. म्हणून हा इतिहास मी माझ्या परीनं मांडतो. थोडा वाचून कळलेला आहे, बराचसा हातातून आलेला.

आमच्या आळीला लागून कुंभारांची तीन घरं होती. त्यातल्या थोरल्याला आम्ही पोरं कुंभारआबा म्हणायचो. सुगीला खळ्यावर बलुत्याची ज्वारी न्यायला येणारा, दोन गाढवं बाळगणारा, बारीक अंगाचा माणूस. चाकावर बसला की कुणाशी बोलायचा नाही. पण पोळ्याच्या आधी आठ-पंधरा दिवस तो बैल करायला बसे. ते काम चाकाचं नाही, नुसत्या हाताचं. तेव्हा त्याची जीभ सुटायची. आम्ही चार-पाच पोरं भोवती बसायचो आणि तो एखादा गोळा आमच्याकडं टाकायचा. आमची शाळा ती.

पहिला धडा मातीचा. काळी माती एकटी घेऊन चालत नाही, हे शेतकऱ्याच्या पोराला सांगावं लागत नाही. ती पाणी प्याली की फुगते आणि सुकली की आकसते. उन्हाळ्यात रानाला हात हात भेगा पडतात त्या यामुळंच. मूर्तीचंही तसंच. नुसत्या काळ्या मातीचा बैल तिसऱ्या दिवशी पाठीवर उकलतो. नुसता पोयटा घ्यावा तर त्याला चिकटपणा कमी, पाय उभा राहत नाही. म्हणून आबा चिकण मातीत पोयटा मिसळायचा, चाळलेली राख घालायचा आणि थोडी घोड्याची लीद. लिदीत बारीक बारीक तूस असतं. घराच्या भिंतीला चिखल करताना आपण भुसा घालतो, त्याचंच हे धाकटं भावंडं. ते तूस मातीला आतून धरून ठेवतं.

माती भिजवायची, पातळ करून चाळणीतून गाळायची, खडा-गोटा काढायचा, निवळली की वरचं पाणी ओतून द्यायचं. मग पायानं तुडवायची, हातानं मळायची आणि ओल्या गोणपाटाखाली मुरत ठेवायची. मुरलेली माती ताज्या मातीपेक्षा जास्त ऐकते. तिची परीक्षा सोपी. करंगळीएवढी वळी करून ती बोटाला गुंडाळायची. वळणावर चिरली तर माती अजून कच्ची, नाही चिरली तर बसा कामाला. हातात आलेला गोळा आबा आधी दोन-तीनदा पाटावर आपटायचा. आत हवा राहिली की पुढं फुगवटा धरतो किंवा भाजताना फुटतो.

दुसरा धडा या लेखाच्या नावातच आहे. पोरगं बैल करायला बसलं की आधी शिंगं करतं. शिंगं दिसतात ना ठळक! मग डोळे टोचतं, मग शेपूट लावतं, आणि हे सगळं लावायला अंगच नसतं. आबा म्हणायचा, "आरं, आधी पोट धर. पोट हाय म्हून बैल हाय. शिंगं काय, शेवटाला बी येत्याली." म्हणजे आधी मोठा आकार. लांबोडा गोळा, पुढं छातीला भरीव, मागं पुठ्ठ्याला उतरता. मग मान वर काढायची, वशिंड उचलायचं, गळ्याखाली पोळी सोडायची. बैल कुठल्या जातीचा, हे तेवढ्यावरच कळलं पाहिजे. खिलाराचं अंग निमुळतं, तोंड लांब, पाय उंच. देवणीचं अंग भरलेलं, कान पडलेले, पोळी लोंबती. डोळे न टोचता समोरच्यानं जात ओळखली तर बैल साधला. नाही ओळखली तर डोळे कितीही कोरा, उपयोग नाही.

तिसरा धडा जोडाचा. पाय शक्यतो त्याच गोळ्यातून ओढून काढायचे. वेगळे लावायचेच तर दोन्ही तोंडं काट्यानं ओरबाडायची, पातळ चिखल लावायचा आणि दाबून बसवायचं. दोन्हीकडची ओल सारखी पाहिजे. सुकत आलेल्या अंगाला ओला पाय लावला तर पाय मागाहून आकसतो आणि जोड सुटतो. आबा याला सोयरीक म्हणायचा. "बराबरीच्या ओलीची सोयरीक टिकती."

चौथा धडा बघण्याचा, आणि तो आम्हाला घरचाच होता. बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी कधी एका जागी उभा राहून बैल बघत नाही. पुढून छाती बघतो, मागून पुठ्ठा बघतो, खाली वाकून खुरं बघतो, चार पावलं चालवून पाय कसा पडतो ते बघतो. आबा पाट फिरवत राहायचा. एका बाजूनं दोन बोटं काम केलं की पाट फिरवला, दुसऱ्या बाजूनं दोन बोटं केलं की पुन्हा फिरवला. समोरून देखणा आणि बाजूनं चपटा असा बैल त्याच्या हातून होत नसे. चित्राला एकच बाजू असते, मूर्तीला बाजूच बाजू. ज्यानं जनावर विकत घेतलंय, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही.

पाचवा धडा सुकवण्याचा आणि तो सगळ्यात अवघड, कारण त्यात हाताला काम नसतं. सावलीत ठेवायचं, वारं लागू द्यायचं नाही. शिंगं, कान, शेपूट ही बारीक अंगं आधी सुकतात आणि पोट मागं राहतं. म्हणून शिंगांना ओली चिंधी गुंडाळायची, म्हणजे सगळं अंग एका चालीनं सुकतं. घाईनं उन्हात ठेवलेल्या बैलांचे कान सकाळी पाटावर पडलेले असायचे.

हे शिक्षण पोरखेळ वाटेल. मलाही १९७३ पर्यंत तसंच वाटत होतं.

१९७२ च्या दुष्काळाची वर्णनं पुष्कळ झाली आहेत. खडी फोडणारी माणसं, वाटली जाणारी सुकडी, मैलोगणती पाण्याच्या रांगा. आमच्या घरात दुष्काळ शिरला तो दावणीवरून. वैरण संपली, विहिरीनं तळ गाठला, आणि वडिलांनी बैलजोडी बाजारात नेली. बाजारात सगळेच विकणारे होते. जी किंमत आली ती ते घरात कधी बोलले नाहीत. पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला, रानं हिरवी झाली आणि १९७३ चा पोळा आला. गावात निम्म्या दावणी रिकाम्या होत्या. आमचीही.

पोळ्याच्या आधी आजीनं मला कुंभारवाड्यावर पाठवलं नाही. तिनं माती घरी आणवली. म्हणाली, "बाजारची जोडी नगं औंदा. आपली कर." आपली, म्हणजे विकलेली. मी तेव्हा बारा वर्षांचा. दोन बैल मी पाच दिवस करत होतो आणि वडील सोडून घरातलं प्रत्येक माणूस येऊन काहीतरी सांगून जात होतं. उजव्याचं डावं शिंग जरा आत वळलेलं होतं. डाव्याच्या वशिंडावर जुवानं घट्टा पडला होता. एकाला मान खाली घालून उभं राहायची सवय, दुसरा कायम दाव्याला ताण देऊन. आई म्हणाली, पुठ्ठा एवढा भरलेला नव्हता रे, शेवटी शेवटी हाडं दिसत होती. त्यावर आजी म्हणाली, "ऱ्हाऊ दे भरल्याला. हाडाचा बैल कुणी पुजीत न्हाई."

पोळ्याच्या संध्याकाळी जोडी पाटावर ठेवली. गेरू लावला, शिंगांना बेगड लावली, पुरणपोळीचा निवद दाखवला. वडील आंघोळ करून आले, पाटासमोर बसले आणि डाव्या बैलाच्या वशिंडावरून त्यांनी अंगठा फिरवला. घट्ट्याच्या जागेवर. मग उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. मूर्ती कशासाठी करतात, हे मला पुढं पुष्कळांनी सांगितलं, पण माझ्यापुरतं उत्तर त्या अंगठ्यात मिळालं होतं. जे समोर नाही त्याला हात लावता यावा म्हणून मूर्ती करतात.

त्याच वर्षांत आमच्याच नदीकाठी, आमच्याच शिरूर तालुक्यात, इनामगावला उत्खनन चालू होतं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं १९६८ मध्ये ते काम काढलं आणि पुढं बारा हंगाम खोदलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. आमच्याकडची काही माणसं तिथं मजुरीला होती. त्यांना नवल याचंच वाटे, की शिकलीसवरली माणसं ब्रशानं माती झाडतात आणि चुलीची राखसुद्धा पुडीत बांधून ठेवतात. तिथं सव्वाशेच्या वर घरं सापडली. इसवीसनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती, असं त्या विद्वानांनी ठरवलं. त्यांची घरं कुडाची नि मातीची, भांडी रंगीत नक्षीची, आणि पाणी अडवून वळवण्याची सोयसुद्धा त्यांनी केली होती. म्हणजे आपलेच पूर्वज म्हणायचे, धंद्यानं तरी.

त्या वस्तीतल्या एका घराच्या जमिनीत मातीची एक पेटी सापडली, आणि तिच्याबरोबर बाईची बिनडोक्याची मूर्ती नि एक बैल. सगळं कच्च्या मातीचं. बाईच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक. मध्ये काडी घातली की बाई बैलावर उभी राहते. देवीच ती, असं अभ्यासकांचं मत.

याचं वर्णन मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा देवीपेक्षा मला त्या भोकाचं अप्रूप वाटलं. कारण तो करणाऱ्याचा विचार आहे. उभी मूर्ती बैलाच्या पाठीवर ओल्या मातीनंच जोडायची तर सगळा भार एका बारीक जोडावर येतो. आत काडी ठेवून दोन्ही एकत्र लिंपावं, तर माती सुकताना आकसते, काडी आकसत नाही, आणि काडीच्या भोवती मूर्ती उकलते. यातून वाट एकच. दोन्ही मूर्ती वेगळ्या करायच्या, भोकं पाडून ठेवायची, वेगळ्या सुकवायच्या आणि मग काडीनं जोडायच्या. तीन हजार वर्षांपूर्वी घोडनदीच्या काठावर बसलेल्या त्या माणसाला, किंवा बाईला, माती किती आकसते हे ठाऊक असावं. कुंभारआबाचा पाचवा धडा त्याच्याही आधीचा होता तर!

भाजलेल्या मूर्तींकडं यायचं तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला गेलं पाहिजे. तेर म्हणजे जुनं तगर, सातवाहनांच्या काळातलं व्यापाराचं गाव. तिथल्या रामलिंगप्पा लामतुऱ्यांनी गावाच्या पांढरीत सापडणाऱ्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, आणि आज त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय तिथं आहे. त्यात मातीच्या स्त्रीमूर्ती आहेत. केसांची रचना, कानातली कुंडलं, गळ्यातले हार, सगळं तांदळाच्या दाण्याएवढ्या बारकाईनं उठलेलं. हे नुसत्या हाताचं काम नाही. त्या काळचे कारागीर पुढचा एक आणि मागचा एक असे दोन साचे करत, दोन्हींत माती दाबून बसवत आणि मग दोन अर्धी जोडत. मूर्ती आतून पोकळ राही. पोकळीचा उपयोग भट्टीत. भरीव जाड मूर्तीच्या पोटात ओल अडकून राहते, आच लागली की तिची वाफ होते आणि मूर्ती फुटते. अंगाची जाडी सगळीकडं सारखी असली की आच सारखी लागते. आबाही भाजायचा बैल मागून कोरून पोकळ करायचा आणि पोटाखाली एक छिद्र ठेवायचा. त्यामुळं, साचा म्हणजे आजच्या काळाची नासाडी, असं जे म्हणतात ते खरं नव्हे. साचा दोन हजार वर्षांचा आहे. फक्त साच्यासाठी पहिली मूर्ती हातानं करणारा कुणीतरी लागतो.

आणि तेर म्हणजेच गोरोबाकाकांचं गाव. विठ्ठलाच्या नादात चिखल तुडवताना स्वतःचं लेकरू पायाखाली आलं, ही त्यांची कथा महाराष्ट्रातल्या कुठल्या बाईनं डोळ्यांत पाणी न आणता ऐकली नाही. दुसरी कथा थापटण्याची. जमलेल्या संतांच्या डोक्यांवर थापटणं मारून त्यांनी कोण पक्कं, कोण कच्चं ते सांगितलं आणि नामदेव कच्चे निघाले. या कथांकडं आपण भक्ती म्हणून बघतो, ते बरोबरच आहे. पण त्यांत कुंभाराचं कामही जसंच्या तसं आलंय. माती तुडवताना माणसाला खरंच तंद्री लागते, तो एकसुरी पायांचा ठेका असतो. आणि थापटण्याच्या आवाजावरून मडक्याचं कच्चंपक्कं कळतं. मडकं विकत घेताना आपण टिचकी मारतो ती त्याच शाळेतली.

आता गणपतीकडं येऊ. घरोघर पार्थिव गणपती बसवण्याची रीत जुनी. लोकमान्य टिळकांनी १८९३ पासून सार्वजनिक उत्सवाला बळ दिलं आणि मूर्तींची मागणी वाढली. पेणसारख्या गावांत घराघरांचे कारखाने झाले. त्याच कोकणपट्टीत, अलिबागजवळच्या सासवण्याला, १८९१ मध्ये विनायक पांडुरंग करमरकर जन्मले. घरात गणपती करण्याची चाल होती, तेव्हा माती त्यांच्या हाताला लहानपणीच लागली. गावातल्या देवळाच्या भिंतीवर त्यांनी काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र ऑटो रॉथफिल्ड या इंग्रज कलेक्टरच्या नजरेला पडलं. त्यानं पोराचा हात ओळखला आणि मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकायची वाट करून दिली. पुढं ते कलकत्त्यात राहिले, लंडनला शिकून आले, आणि पुण्याच्या शिवाजी मिलिटरी स्कूलमधला महाराजांचा घोड्यावरचा पुतळा त्यांनी घडवला. १९२८ साली त्याचं अनावरण झालं.

तो पुतळा बघायला मी मुद्दाम गेलो आहे, एकदा नाही, चार-पाचदा. लोक महाराजांच्या चेहऱ्याकडं बघतात. माझं लक्ष घोड्याच्या पायांकडं जातं. एवढ्या धातूचा भार त्या पायांवर आहे आणि तरी घोडा चालतोय असं वाटतं. जनावराचा भार कुठल्या पायावर पडतो हे ज्याला कळलं, त्यालाच हे जमतं. आणि लक्षात घ्या, हा धातूचा पुतळासुद्धा आधी मातीचा होता. पुतळा करण्याची रीतच तशी आहे. आधी मातीत घडवायचा, त्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा, मग ओतकाम. माती मध्येच कुठंतरी संपून जाते, नाव धातूचं होतं.

हे मला समजलं ते हायस्कुलात. तालुक्याच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या सरकारी परीक्षांची तयारी ते करून घेत. त्या सगळ्या कागदावरच्या. पण शनिवारी शाळा सुटल्यावर ते आम्हा दोघा-तिघांना थांबवून घेत आणि मातीत माणसाचं डोकं करायला लावत. त्यांनी आधी फळीवर एक खुंटी ठोकली, तिला तार गुंडाळली, तारेला लाकडाचे दोन तुकडे आडवे लटकवले आणि म्हणाले, हा सांगाडा, यावर माती चढवायची. मी म्हणालो, "सर, आमच्या कुंभारआबांनी सांगितलंय, आत लाकूड ठेवलं की मूर्ती उकलते."

सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, "तुमचे आबा मूर्ती सुकवतात ना?"

"हो."

"आम्ही सुकू देत नाही. ओली असतानाच साचा घेतो आणि माती काढून टाकतो. त्यांची माती शेवटपर्यंत राहायची असते, आमची मधल्या मुक्कामाची. म्हणून त्यांचंही बरोबर आणि आपलंही."

दोन विद्या समोरासमोर आल्या आणि एकीनं दुसरीला खोटं पाडलं नाही, असं मी आयुष्यात फार वेळा पाहिलेलं नाही. पुढचे धडे ऐकताना मला दर वेळी आबाचा आवाज आठवायचा. सर म्हणायचे, आधी डोक्याचा अंड्यासारखा आकार, मानेचा कल, मग कपाळ, गाल, हनुवटी यांचे मोठे उतार. डोळ्याची पापणी सगळ्यात शेवटी. म्हणजे आधी पोट, शेवटी शिंगं. सर पाट फिरवायचे, कडेची रेघ सगळीकडून बघायला लावायचे, खिडकीचा उजेड एका बाजूनं घेऊन सावली कुठं पडते ते दाखवायचे. नवीन होतं ते मापाचं. उभा माणूस स्वतःच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असतो, डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर येतात, पोरं ते नेहमी वर घेतात. आबाचं माप बोटांचं आणि वितीचं असे. जुन्या मूर्तिकारांचीही तालाची मापं होती, चेहरा हे एक माप धरून सगळं अंग मोजायचं. सांगायची भाषा निरनिराळी, पण मोजायचं ते अंगावरच्याच एका अंगानं.

दहावीनंतर मी नांगर धरला. पुढं शिकायची ऐपत नव्हती आणि त्याचा आज राग नाही. मूर्तिकार झालो नाही. पण दरवर्षी पोळ्याची जोडी घरी केली, गौरीचे मुखवटे केले, नातवांच्या दिवाळीच्या किल्ल्याला मावळे केले.

गावात मात्र पुष्कळ बदललं. बलुतं गेलं, ते जायलाच हवं होतं. वर्षभराच्या राबण्याला खळ्यावर हात पसरावा लागणं काही मानाचं नव्हतं. पण बलुत्याबरोबर ओढ्याच्या वळणावरची मातीची खाणही गेली. तिथं आता ऊस आहे. रांजणाच्या जागी प्लास्टिकची टाकी आली, बैलाच्या जागी ट्रॅक्टर. कुंभारआबाच्या घरात आज चाक नाही. नातू टेम्पो चालवतो, चांगला चालवतो, पोरं शिकवतो. त्याला मी कोणत्या तोंडानं सांगू, की तू चिखल तुडवत बस?

पोळ्याच्या बाजारात आता प्लास्टर ऑफ पॅरिसचे बैल येतात. सगळे एका साच्यातले, सगळ्यांचं तोंड एकसारखं, पोटं पोकळ, आणि कुठल्या जातीचे ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. प्लास्टरला नावं ठेवणं सोपं आहे. ते काही मिनिटांत आवळतं, वजनाला हलकं, वाटेत तुटत नाही. शाडू सुकायला दिवस लागतात, मूर्ती जड होते, धक्का लागला की हात निखळतो. पोटावर धंदा असलेला माणूस काय घेईल? २०२० साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं प्लास्टरच्या मूर्ती नकोत अशा सूचना काढल्या, त्यावर वाद झाले, प्रकरणं कोर्टात गेली. शहरात आता सुट्टीच्या दिवशी पैसे भरून पोरांना शाडूचा गणपती करायला शिकवतात. चांगलंच आहे. गुजरातेतून आलेला शाडू पुड्यात मिळतो, मळून तयार. पण त्या पोरांचा पहिला धडा हुकतो, आपल्या पायाखालची माती ओळखण्याचा.

आमच्या मराठी शाळेतल्या बाईंनी दोन वर्षांपूर्वी मला वर्गावर बोलावलं. मी भाषण केलं नाही. ओढ्याची, रानाची आणि नदीची अशी तीन घमेली माती नेली आणि पोरांना करंगळीला वळी गुंडाळायला लावली. मग बैल करा म्हटलं. तीस पोरांपैकी निम्म्यांच्या घरी बैल नाही, हे तिथंच कळलं. एका पोरीनं शिंगांपासून सुरुवात केली. तिला मी म्हणालो, "बाळ, आधी पोट धर." ती म्हणाली, "आजोबा, मी बैल जवळून पाहिलाच नाय." मग वर्ग सोडून आम्ही सगळे एका शेतकऱ्याच्या गोठ्यावर गेलो. तासभर बैलाच्या भोवती फिरलो, पुढून, मागून, बाजूनं. वशिंडाला हात लावून बघितला. परत आल्यावर तिनं केलेल्या बैलाचे पाय जाड झाले होते, कान वाकडे होते, पण भार चारी पायांवर बरोबर होता.

इनामगावची ती पेटी कुणी पुरली, कुठल्या नवसानं पुरली, ते ज्याचं त्याला ठाऊक. पण ते करणाऱ्यानं बैल आधी नीट पाहिला असणार, मातीची ओल जोखली असणार आणि सुकेपर्यंत वाट पाहिली असणार. शिकायचं तेवढंच असतं. यंदा पोळ्याच्या पंधरा दिवस आधी मी माती भिजत घालणार आहे. ज्याला यायचं त्यानं यावं. येताना वाटेवर कुणाचा बैल बांधलेला दिसला, तर चारी बाजूंनी बघून यावं.